विचारा, सांगते : अठ्ठ्याण्णव मिनिटांचा माझा शोध

मार्चच्या अंकात विज्ञान दिनाबद्दल लिहिताना एक वाक्य हातून सहज गेलं होतं : ‘मी ज्या जोडताऱ्यांवर इतकी वर्षं काम केलं, त्यातली एकही जोडी मी कधी पाहिलेली नाही.’ या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी गेल्या वर्षभरात मिळून आली नसतील. एका गृहस्थांनी तर ‘मग पगार कशाचा घेतलात?’ असंही विचारलंय. पगार कॉलेजात फिजिक्स शिकवण्याचा घेतला, तारे उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीतले. तेव्हा या वेळचं सदर सगळं त्याच विषयाला.

तो अंक ज्यांच्या हाती पडला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. क्ष-किरण जोडतारा म्हणजे एकमेकांभोवती फिरणारी एक विजोड जोडी. त्यातला एक जिवंत तारा, दुसरा मेलेल्या ताऱ्याचा सांगाडा. हा सांगाडा बहुतेक वेळा न्यूट्रॉन तारा असतो, क्वचित कृष्णविवर. जिवंत ताऱ्याचा वायू सांगाड्यावर पडतो, कोट्यवधी अंश तापतो आणि त्यातून क्ष-किरण निघतात. जिवंत तारा सूर्याच्या दहापट किंवा त्याहून जड, निळा, उष्ण असला, की ती माझ्या आवडीची जड जोडी. आपल्या आकाशगंगेत अशा जोड्या शंभरावर सापडल्या आहेत, पण दोनशेच्या आतच.

जोडी दिसत नाही म्हणता, मग तिथे दोघं आहेत हे कशावरून? अंदाजपंचे तर नाही ना?
– निवृत्त पोस्टमास्तर, सातारा

पोस्टमास्तरसाहेब, तुमच्याच खात्यातलं उदाहरण देते. माझी आजी माउलींच्या पालखीबरोबर पायी वारीला जायची. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून आजोबा घरचा पत्ता घातलेली पोस्टकार्डं तिच्या पिशवीत ठेवायचे आणि बजावायचे, रोज मुक्कामाला पोचलीस की एक टाक. कार्ड कोरंच यायचं. कोरं कार्ड आलं म्हणजे बाई खुशाल. आजी नेमाने रोज एक टाकायची, पण सदाशिव पेठेतल्या आमच्या दारात ती रोज एक पडायची नाहीत. सासवडचं दुसऱ्या दिवशी यायचं, लोणंदचं दोन-तीन दिवसांनी, वेळापूरचं त्याहून उशिरा. परतीच्या वाटेवर उलटं व्हायचं, कधी एकाच दिवशी दोन कार्डं. आजोबा कार्डावर काही लिहिलेलं नसताना नुसत्या येण्याच्या तारखा बघून सांगायचे, ‘आता वळली. आता जेजुरीच्या आसपास असेल.’

आम्ही नेमकं हेच करतो. दक्षिणेच्या आकाशात व्हेला एक्स-१ नावाची जोडी आहे. तिच्यातला न्यूट्रॉन तारा स्वतःभोवती फिरताना दर २८३ सेकंदांनी क्ष-किरणांचा एक ठोका आपल्याकडे पाठवतो. पावणेपाच मिनिटांना थोडी कमी, आमच्याकडे चहा व्हायला लागतो तेवढा वेळ. पण ठोके मोजत बसलं, की ते आधी थोडे लवकर येऊ लागतात, मग उशिरा, मग पुन्हा लवकर. आपल्या बाजूला असताना ठोका सरासरी वेळेच्या सुमारे ११३ सेकंद आधी पोचतो. म्हणजे तो ज्या वर्तुळात फिरतोय त्याची त्रिज्या प्रकाशाला ओलांडायला साधारण तेवढा वेळ लागतो. हा फेरा जवळजवळ नऊ दिवसांचा. शिवाय दर फेऱ्यात जवळजवळ दोन दिवस ठोका बंद! तेव्हा सांगाडा थोरल्याच्या, म्हणजे जिवंत ताऱ्याच्या, पाठीमागे गेलेला असतो, ग्रहणात. लपायला कुणीतरी आड लागतंच की नाही? झाले दोघे.

ही युक्ती पहिल्यांदा जमली ती उहुरू नावाच्या उपग्रहाला. १२ डिसेंबर १९७० ला तो केनियाच्या किनाऱ्याजवळच्या समुद्रातल्या तळावरून उडाला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता, म्हणून स्वाहिली भाषेतलं ‘स्वातंत्र्य’ हे नाव. त्याने सेंटॉरस एक्स-३ या स्रोताचे ४.८ सेकंदांचे ठोके पकडले, आणि त्यांचं हे लवकर-उशिरा येणं साधारण २.१ दिवसांत एक फेरा पुरं करतं हेही दाखवलं. त्या कामामागचे रिकार्डो जिआकोनी यांना पुढे २००२ साली नोबेल मिळालं.

तर साहेब, अंदाजपंचे नाही. तारखा बघून.

ताई, कृष्णविवरातून प्रकाशसुद्धा बाहेर येत नाही असं पुस्तकात आहे. मग त्या जोड्या इतक्या तेजस्वी कशा? आणि हे तेज येतं कुठून, तिथेही सूर्यासारखं हायड्रोजन जळतं का?
– बारावीची विद्यार्थिनी, चिंचवड

जळत नाही, पडतं. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं सगळं उत्तर या एका शब्दात आहे.

न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याच्या दीडपटीच्या आसपास वस्तुमान, आणि व्यास वीस-पंचवीस किलोमीटर. आळंदीपासून कात्रजपर्यंत बसेल एवढा गोळा. त्याच्यावर लांबून काहीही पडलं, तरी पृष्ठभागाला टेकताना त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या निम्म्याहून जास्त झालेला असतो. आता वही घे. वस्तुमान सूर्याच्या १.४ पट धर, त्रिज्या १० किलोमीटर, आणि एका ग्रॅमला किती ऊर्जा मिळते ते अकरावीच्या सूत्राने काढ. माझं उत्तर १.९ गुणिले दहाचा तेरावा घात ज्यूल आलं. म्हणजे चहाच्या चमचाभर साखरेने, चार ग्रॅमने, हिरोशिमावरच्या बॉम्बइतका दणका. सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होताना वस्तुमानाच्या ०.७ टक्के भागाची ऊर्जा होते. इथे नुसत्या पडण्यातून वीस टक्क्यांच्या आसपास. अकरावीचं सूत्र इतक्या जोराच्या गुरुत्वाकर्षणाला पुरतं अचूक नाही, पण अंदाज चुकत नाही. परीक्षेत मात्र हे लिहू नकोस, तिथे पुस्तकातलंच लिही.

व्हेला एक्स-१ चा थोरला तारा वाऱ्यासारखा स्वतःचा वायू उधळत असतो. साधारण तीन वर्षांत एका पृथ्वीएवढा. त्यातला हजारावा भागसुद्धा धाकट्याच्या पदरात पडत नाही, बाकी सगळा वाऱ्यावर. तरी तेवढ्या उष्ट्यावर तो निव्वळ क्ष-किरणांत आपल्या सूर्याच्या एकूण तेजाच्या हजारपट चमकतो.

आता कृष्णविवर. प्रकाश बाहेर येत नाही तो उंबरठ्याच्या आतून. वायू काही थेट विहिरीत दगड पडावा तसा पडत नाही, गोल गोल फिरत त्याची तबकडी होते, आणि घासून घासून ती उंबरठ्याच्या बाहेरच तापते. तो क्ष-प्रकाश बाहेरचा. हंस तारकासमूहातला सिग्नस एक्स-१ असाच. १९६४ साली रॉकेटवरच्या उपकरणाला तो सापडला. त्याचा निळा जोडीदार ५.६ दिवसांत एक फेरा मारतो, आणि ज्याच्याभोवती मारतो ते दिसतच नाही. स्टीफन हॉकिंग आणि किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांनी यावर पैज लावली होती. हॉकिंग ‘कृष्णविवर नाही’ या बाजूने. १९९० साली त्यांनी हार कबूल केली. या कृष्णविवराचं वस्तुमान पूर्वी सूर्याच्या १५ पट धरलं जायचं, २०२१ साली अंतर पुन्हा मोजल्यावर ते २१ पट निघालं. अंतर ७,२०० प्रकाशवर्षं.

आमच्या दाताचा एक्स-रे काढताना किरण गालातून आरपार जातो. मग आरपार जाणारा किरण दुर्बिणीत अडतो कसा? आणि हवेतून का येत नाही?
– गृहिणी, सांगली

बाई, सगळ्या पत्रांत तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला.

हवा पातळ वाटते, पण डोक्यावर तिची जाडी केवढी आहे बघा. आपल्यावरच्या सगळ्या हवेचं वजन दहा मीटर खोल पाण्याएवढं भरतं. गालातून जाणारा किरण तीन मजली इमारतीएवढ्या पाण्यातून जाईल का? नाही जात. म्हणून वर जावं लागतं. जरा ताकदीचे किरण ४० किलोमीटर उंचीच्या फुग्यातून पकडता येतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे लोक हैदराबादहून असे फुगे सोडत आले. बाकीच्यांसाठी उपग्रहच हवा. आपला ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोट्याहून गेला, ६५० किलोमीटर उंचीवर. ठरवलेलं आयुष्य पाच वर्षांचं होतं, त्याने दहा वर्षं पुरी केली.

आता अडवण्याचं. एक मार्ग म्हणजे सरळ भिडायचंच नाही. चपटा दगड पाण्यावर आडवा फेकला, की बुडण्याऐवजी उड्या मारत जातो ना, तसा मऊ, म्हणजे कमी ताकदीचा, क्ष-किरण सोन्याचा मुलामा दिलेल्या आरशावर अगदी घासून गेला, तर परततो. ॲस्ट्रोसॅटच्या एका दुर्बिणीत असे आरसे एकात एक बसवलेत. दुसरा मार्ग, झेनॉन वायूने भरलेली पेटी. किरण वायूच्या अणूला धडकतो आणि विजेचा एक बारीक ठसका उठतो. तो किती वाजता उठला हे एका सेकंदाच्या लाखाव्या भागापर्यंत नोंदलं जातं.

तिसरा मार्ग मात्र पाहण्यासारखा, आणि त्याचं बरंचसं काम पुण्यात, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत होतं. ॲस्ट्रोसॅटवरचं हे उपकरण अतिकठीण, म्हणजे जास्त ताकदीच्या, क्ष-किरणांचं. त्याला आरसाच नाही. कॅडमियम-झिंक-टेल्युराइड अशा लांबलचक नावाच्या स्फटिकांचे ६४ तुकडे शेजारी शेजारी बसवलेत, सगळे मिळून फुटी फरशीएवढे. त्यांच्या वर अर्ध्या मिलिमीटर जाडीचा टँटॅलम धातूचा पत्रा, त्याला चौकोनी भोकं, काही ठिकाणी भोक, काही ठिकाणी नाही. बस्स.

हे चालतं कसं ते मला पुस्तकातून कळलं नाही, माजघरातून कळलं. आमच्या जुन्या वाड्यात माजघराच्या पूर्वेच्या भिंतीत लाकडी जाळी होती. सकाळी तिची नक्षी सारवलेल्या जमिनीवर पडायची. आई घड्याळ न बघता सांगायची, ‘उठा, नक्षी जात्यापर्यंत आली.’ सूर्य सरकला की नक्षी सरकते. म्हणजे नक्षी कुठे पडलीय यावरून सूर्य कुठे आहे ते काढता येतं, सूर्याकडे न बघता. दोन सूर्य असते, तर दोन नक्ष्या एकावर एक पडल्या असत्या आणि थोडं डोकं चालवून त्या सोडवता आल्या असत्या. तो भोकाचा पत्रा म्हणजे आमची जाळी, ती स्फटिकांची फरशी म्हणजे सारवलेली जमीन. जाळीची नक्षी मुद्दाम अशी आखतात, की कुठल्याही दोन दिशांनी पडलेल्या सावल्या एकसारख्या निघू नयेत.

खोडदची मोठी दुर्बीण आमच्या गावापासून जवळ आहे. तिने हे तारे का बघत नाहीत?
– द्राक्ष बागायतदार, नारायणगाव

कारण तुमच्या खोडदच्या तीस तबकड्या रेडिओ लहरी ऐकतात, आणि वायू अंगावर पडत असलेला असा न्यूट्रॉन तारा आपला ठोका क्ष-किरणांत देतो. एकट्या फिरणाऱ्या स्पंदक ताऱ्यांचे रेडिओ ठोके मात्र त्या दुर्बिणीने भरपूर ऐकलेत. द्राक्षं या वर्षी कशी आहेत?

तुम्ही ताऱ्याच्या ठोक्यांना ‘नाडी’ म्हणता. आमच्याकडे नाडी बिघडते, वाढते, चुकते. तिथे?
– डॉक्टर, बारामती

तिथेही. आणि डॉक्टरांना सांगायला मजा येते, कारण आम्हीही नाडीवरूनच निदान करतो.

वृषभ राशीत ए ०५३५+२६ या रुक्ष नावाचा एक रोगी आहे. त्यातला न्यूट्रॉन तारा १०३ सेकंदांत स्वतःभोवती फिरतो आणि लांबट कक्षेतून १११ दिवसांनी जोडीदाराजवळ येतो. जोडीदार इतक्या वेगाने गरगरतो, की त्याच्या कमरेभोवती वायूचं कडं तयार होतं. हे कडं कधी फुगतं, कधी पार नाहीसं होतं. जवळ येण्याची वेळ आणि फुगलेलं कडं यांची गाठ पडली, की न्यूट्रॉन ताऱ्याला मेजवानी. एरवी उपास, महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं.

नोव्हेंबर २०२० मध्ये अशीच एक मेजवानी झडली. टाळेबंदीनंतरचे दिवस, मी घरातच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं मॅक्सी नावाचं जपानी उपकरण आणि अमेरिकेचा स्विफ्ट उपग्रह यांचे रोजचे आकडे कुणालाही मोफत बघता येतात. दिवाळीचा फराळ करता करता मी रोज रात्री तो आलेख उघडायचे. आज दोन खेकडे, आज पाच, आज नऊ. गंमत नाही करत, आमच्यात तेज खेकड्यांत मोजतात! १०५४ साली ज्या ताऱ्याचा स्फोट लोकांनी पाहिला, त्याचा उरलेला ढग म्हणजे खेकडा तेजोमेघ, त्याचं तेज हे आमचं माप, जसं पूर्वी शेर-पायली होतं. हा रोगी बारा खेकड्यांच्या आसपास चढला आणि मग उतरला. चढताना पडणारा वायू ताऱ्याला फिरकी देतो, त्यामुळे नाडी जरा जलद होते. उपासाच्या दिवसांत पुन्हा मंदावते.

नाडीखेरीज आम्ही रक्तही तपासतो म्हणा ना. क्ष-किरणांचा वर्णपट, म्हणजे कुठल्या ऊर्जेचे किरण किती याचा आलेख काढला, की या रोग्याच्या वर्णपटात ४५ किलोइलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास एक खळगा दिसतो. ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेचे किरण गिळतात, त्याचा तो खळगा. खळगा कुठे आहे यावरून चुंबकीय क्षेत्र निघतं, सुमारे चार-पाच लाख कोटी गॉस. पुण्यात होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं क्षेत्र अर्ध्या गॉसच्याही आत आहे. असा खळगा पहिल्यांदा १९७६ मध्ये हर्क्युलिस एक्स-१ या ताऱ्यात दिसला.

आमचं छोटं कॉलेज. प्रयोगशाळेत पुरेसे सीआरओसुद्धा (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणारी यंत्रं) नाहीत. बी.एस्सी.च्या मुलांना यातलं खरं काही करता येईल, की नुसतं फळ्यावर सांगायचं?
– प्राध्यापक, संगमनेर

सर, करता येईल. पण आधी माझी फजिती ऐका, म्हणजे मुलांना कुठे अडवायचं ते कळेल.

आयुकात विद्यापीठ-कॉलेजच्या शिक्षकांना सुट्टीत येऊन काम करायची सोय आहे. मी बसने विद्यापीठ चौकात उतरायचे, गणेशखिंडीच्या वडाखालून चालत आत जायचे. चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या काळ्या दगडाच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. त्यांच्याजवळच्या पायरीवर डबा खायचा आणि दिवसभर कॉम्प्युटरसमोर. २०१९ च्या मे महिन्यात असंच ॲस्ट्रोसॅटची खुली झालेली माहिती उतरवून घेऊन मी एका जोडताऱ्याचा आलेख काढत होते. तारा कुठला ते सांगत नाही, त्याची काही चूक नव्हती. आलेखात एक सुरेख चढउतार दिसू लागला. नियमित, स्वच्छ, दोन दिवस सलग. माझ्या छातीत धडधड. इतका लांब, इतका साफ आवर्तकाळ त्या ताऱ्यात कुणी नोंदवलेला नव्हता! मी तीनदा काढून बघितला. रात्री झोप नाही. मनातल्या मनात निबंधाचं शीर्षकसुद्धा ठरवून झालं, पहिलं नाव कुणाचं यासकट.

सकाळी ज्यांच्याबरोबर काम करायचे त्या वयाने माझ्याहून वीस वर्षांनी लहान सहकाऱ्याला गाठलं. तो चहा ओतत होता. मी सांगत गेले, तो ‘हं, हं’ करत होता. मग त्याने विचारलं, “मॅडम, किती मिनिटांचा?”

“साधारण अठ्ठ्याण्णव.”

त्याने कप खाली ठेवला. काही बोलला नाही. नुसतं हाताचं एक बोट हवेत फिरवलं, गोल. पृथ्वीभोवती.

६५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह पृथ्वीभोवती एक चक्कर मारतो ती साधारण अठ्ठ्याण्णव मिनिटांत. प्रत्येक चकरेत काही वेळ पृथ्वी मधे येते आणि तारा दिसेनासा होतो. कधी तो दक्षिण अटलांटिकवरच्या त्या कुप्रसिद्ध पट्ट्याच्या कडेला शिवतो, जिथे विद्युतभारित कण फार, तिथे उपकरणं बंद ठेवावी लागतात. त्याच्या आगेमागे नुसत्या पार्श्वभूमीचेच ठसके वाढतात. ती पार्श्वभूमी मी नीट वजा केली नव्हती. ताऱ्याची नाडी म्हणून मी उपग्रहाचीच नाडी मोजत होते. आंधळी कोशिंबीर खेळताना स्वतःचाच हात धरावा तसं. हे मी पुढे दर वर्षी वर्गात सांगत आले, आणि मुलं दर वर्षी अगदी त्याच जागी हसली.

तर सर, मुलांना हे द्या. ॲस्ट्रोसॅटची खुली माहिती इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून मोफत मिळते. नासाच्या संग्रहात जुन्या उपग्रहांची ढीगभर पडली आहे, आणि ती तपासायचं हीसॉफ्ट हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. एक बऱ्यापैकी कॉम्प्युटर, त्यावर लिनक्स, आणि चिकाटी. सीआरओ लागत नाही. सुरुवात व्हेला एक्स-१ किंवा सेंटॉरस एक्स-३ पासूनच करा, कारण ठोका तेजस्वी आहे आणि उत्तर आधीच माहीत आहे. माहीत असलेलं उत्तर स्वतः काढल्याशिवाय माहीत नसलेल्याकडे जाऊ देऊ नका. आणि एक गोष्ट मुलं हमखास विसरतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे ताऱ्याचा ठोका वर्षाच्या एका टोकाला सव्वाआठ मिनिटांपर्यंत लवकर आणि दुसऱ्या टोकाला तितकाच उशिरा येऊ शकतो. म्हणून सगळ्या वेळा सूर्यमालेच्या वस्तुमानमध्यावर बसून ऐकल्यासारख्या दुरुस्त कराव्या लागतात. विद्यार्थ्याने ‘नवा शोध’ आणला, की आधी त्याचे आकडे या तिघांशी ताडून बघा : २४ तास, ३६५ दिवस आणि अठ्ठ्याण्णव मिनिटं.

आवारात एखादी कार्यशाळा असेल तर दोन-चार मुलांना घेऊन जरूर या. डबा आणा. पायरी रिकामी असते.

थोरल्या ताऱ्याचा स्फोट होऊन सांगाडा झाला, मग त्या धक्क्याने जोडी मोडली कशी नाही? आणि आमच्या औंढा नागनाथला लायगो होतंय, त्याचा याच्याशी काही संबंध?
– शिक्षिका, हिंगोली

पुष्कळ जोड्या मोडतातच. टिकतात त्यांचं गणित मात्र भाऊबंदकीसारखं आहे, फक्त उलटं. आधी जो जास्त जड असतो तो लवकर म्हातारा होतो, फुगतो, आणि त्याचा बराचसा वायू धाकट्याकडे जातो. वाटणी आधीच झालेली असते. स्फोटाच्या वेळी थोरला हलका आणि धाकटा जड, म्हणून स्फोटात फारसं काही उडून जात नाही. ढोबळ नियम असा, की जोडीच्या एकूण वस्तुमानापैकी निम्म्याहून कमी उडालं तर जोडी राहते. म्हणजे आज ज्याला आपण थोरला म्हणतो, तो जन्माला आला तेव्हा धाकटा होता.

लायगो म्हणजे गुरुत्वलहरी, अवकाशाचीच बारीक थरथर, टिपणारं यंत्र. त्याचा संबंध पुढच्या प्रकरणात. काही लाख वर्षांनी याही ताऱ्याचा स्फोट होणार. तेव्हाही जोडी टिकली, तर दोन सांगाडे एकमेकांभोवती फिरत राहतील, हळूहळू जवळ येतील आणि शेवटी आदळतील. १७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या अशाच टकरीच्या गुरुत्वलहरी पृथ्वीवर पकडल्या गेल्या. औंढ्याचं यंत्र ऐकणार आहे ते असलंच. सगळ्या जड जोड्या तिथवर पोचतील असं नाही, काहींचे दोघे त्याआधीच एकमेकांत मिसळून जातील.

आजी, मी सहावीत आहे. मला यातला एक तरी तारा गच्चीवरून दिसेल का? माझ्याकडे बाबांची दुर्बीण आहे, दोन डोळ्यांची.
– भोर

दिसेल, आणि तोही जोडीतला थोरला. न्यूट्रॉन तारा कुणालाच दिसत नाही, त्याबद्दल माझ्यावर रागावू नकोस. तू भोरला राहतोस म्हणून सांगते. आमच्या कोथरूडच्या गच्चीवरून दक्षिणेला आता नुसता पिवळा उजेड दिसतो.

एप्रिलच्या मध्यावर, चंद्र नसलेल्या रात्री, आठ वाजता दक्षिणेकडे तोंड करून उभा राहा. उजव्या हाताला, खाली मावळतीकडे झुकलेला ठळक तारा अगस्त्य. त्याच्यापेक्षा बराच डावीकडे आणि वर, बरोबर दक्षिणेला, एक नारिंगी झाक असलेला तारा शोध. तो सुहेल. त्याच्याहून ठळक तारा जवळच उजवीकडे खाली आहे, पण तो पांढरा-निळा, घोटाळा करू नकोस. आता बाबांची दुर्बीण सुहेलवर लाव आणि हळूच वर सरकव, हात लांब करून दोन बोटं आडवी धरल्यावर जेवढी जागा झाकते तेवढी. किंचित उजवीकडे. तिथे एक अंधूक, सातव्या प्रतीचा ठिपका आहे (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा अंधूक). नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. तोच व्हेला एक्स-१ चा निळा तारा, माझ्या आजीच्या पोस्टकार्डांच्या गोष्टीतला. हात हलला तर ठिपका नाचतो, म्हणून कोपर कठड्यावर टेकव. आजूबाजूचे तारे वहीत टिपून घे आणि दुसऱ्या रात्री ताडून बघ.

फार उशिरापर्यंत थांबलास तर तो सरकत जाईल आणि भोरचे डोंगर आड येतील, तेव्हा जेवण आधी उरकून घे. सिग्नस एक्स-१ चा ताराही सांगितला असता, पण तो नवव्या प्रतीचा, त्याला मोठी दुर्बीण लागेल. शिवाय हंस आत्ता मध्यरात्रीनंतर उगवतो आणि तुझी शाळा सकाळची असणार. पाऊस संपला की ऑक्टोबरात पुन्हा लिही.